काकूंचा सत्कार

रुचिरने सत्काराचा विषय काढला तेव्हा दिलीपरावांना मनापासून बरं वाटलं. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात, त्यांच्या ब्लॉकशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, दोघे कॉफी घेत बसले होते. रुचिर ऑफिसातून थेट आला होता, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं.

"शनिवारी मॅच झाल्यावर काकूंचा सत्कार करायचाय," तो म्हणाला. "शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. नारळ टेक्का मार्केटमधून आणलाय. शाल आईने पाठवलीय पुण्याहून."

"अरे वा. कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे काय काका, एवढी वर्षं खेळल्यात. संघ त्यांनीच तर उभा केला."

"ते खरंच आहे. आवडेल तिला."

रुचिर कॉफी ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. "काका, तुमच्या लक्षात येत नाहीये," तो शेवटी म्हणाला, आणि मग खाली बघत बघत त्याने सगळं सांगून टाकलं.

संघ होता सॉफ्टबॉलचा. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान. दर शनिवारी हौशी मंडळींचे सामने होत, बायका-पुरुष एकत्र खेळत. रुचिर कप्तान होता आणि संजीवनी, म्हणजे दिलीपरावांची बायको, संघाची कॅचर. पिचरने टाकलेला चेंडू घ्यायला फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं, हे काम ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही करत होती. अलीकडे तिच्या पायांमधून चेंडू निसटू लागले होते. सगळ्यांना दिसत होतं, कुणी बोलत नव्हतं.

सीझनच्या मध्यावर प्रत्येक संघाला दुसऱ्या संघाशी एका खेळाडूची अदलाबदल करता येई. हौगांगच्या संघात ग्रेस नावाची कॅचर होती, चाळिशीतली, पंधरा वर्षं मुरलेली. ते तिला द्यायला तयार होते. बदल्यात त्यांना क्षिप्रा हवी होती, आपल्या संघातली सगळ्यांत तरुण मुलगी. शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं कळवायची होती.

"ग्रेस आली तर या वर्षी कप आपला आहे," रुचिर म्हणाला. "आणि काका, मला हेच वर्ष आहे. ऑफिसने नोव्हेंबरमध्ये पुण्याला परत बोलावलंय, इथल्या नोकरीचा पास पुढे वाढवत नाहीयेत. संघात अजून कुणाला सांगितलं नाही."

"अरेरे," दिलीपराव म्हणाले.

"काकूंना मी कोणत्या तोंडाने सांगू? मला डेंग्यू झाला होता तेव्हा रोज डबा यायचा त्यांचा. तुम्ही सांगा ना. सत्काराच्या आधी सांगितलंत म्हणजे ऐन वेळी धक्का नको."

"बघतो," दिलीपराव म्हणाले.

हा त्यांचा जुना शब्द होता. बँकेच्या ऑडिट खात्यात त्यांनी सगळी नोकरी या एका शब्दावर काढली होती. बघतो म्हटलं की समोरचा निघून जातो आणि आपण एकटे पुस्तकाकडे परतू शकतो, एवढंच त्यांना त्यातून हवं असे.

*

संजीवनी मूळची जळगावची. जळगाव म्हटलं की लोकांना केळी आठवतात आणि भरीत आठवतं. पण तिथल्या शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात, हे सिंगापूरच्या मराठी मंडळींना सांगूनही खरं वाटत नसे. संजीवनी राज्याच्या संघातून खेळली होती. दिलीपराव तिला पाहायला गेले तेव्हा ती पोहे घेऊन लंगडतच बाहेर आली होती. त्यांच्या आईने घाबरून विचारलं, तर म्हणाली, घसरून बेस गाठला, थोडं सोललंय. दिलीपरावांना त्या वयात पुस्तकाबाहेरच्या कुठल्याच मुलीशी बोलायची सवय नव्हती. त्यांनी त्या लंगडण्याकडे पाहिलं आणि घरी येऊन हो म्हटलं. हिने आपल्याला का पत्करलं, हे मात्र त्यांना अजून उमगलेलं नव्हतं आणि विचारायचा धीरही झाला नव्हता.

सिंगापूरला आल्यावर ती पुन्हा खेळू लागली आणि तेही मैदानावर जाऊ लागले. नुसतं बसलं की हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी स्कोअर लिहायचं काम मागून घेतलं. खेळाविषयी त्यांचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्याचं त्यांना बरंच वाटे.

रुचिर भेटला त्या संध्याकाळी ती गॅसवर वांगं भाजत होती. दिलीपराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"गुडघा कसा आहे?"

"कुणाचा?"

"तुझा, अगं."

"आहे जागेवर," ती म्हणाली. "तुम्ही ती मिरची द्या बघू इकडे."

त्यांनी मिरची दिली. त्या दिवशीचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की खाली जाऊन सांगायचं. घरात भिंतींचा धाक वाटतो, मोकळ्या हवेत तोंड उघडेल. ब्लॉकमागच्या कोर्टावर संजीवनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चेंडू टाकत होती आणि क्षिप्रा समोर उकिडवी बसली होती. क्षिप्रा इथेच जन्मलेली, मराठीत इंग्रजी आणि सिंगापुरी 'लाह' मिसळून बोलणारी, नुकतीच अलेक्झांड्रा रोडवरच्या एका ऑफिसात अकाउंट्सला लागलेली. संघात ती मागे लांब उभी राहून चेंडू अडवायची. पण गेलं वर्षभर संजीवनी तिला कॅचरचं काम शिकवत होती. ऑफिस सुटलं की पोरगी ग्लव्ह घेऊन हजर.

"डोळे मिटतेस तू," संजीवनी म्हणत होती.

"मिटत नाही काकू, ब्लिंक ओन्ली."

"ब्लिंक केलंस तर चेंडू दातावर बसेल. मग लग्नात फोटो तोंड मिटून काढावे लागतील."

"लग्न कोण करतंय? नो बजेट, लाह."

संजीवनीने चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटून टाकला. क्षिप्रा गुडघ्यांवर आली आणि तो तिने छातीवर घेतला. "आउच," ती म्हणाली आणि हसली. संजीवनीचा चेहरा दिलीपरावांना दिसला. पदार्थ जमला आहे हे पहिल्या घासाला कळावं, तसा तो झाला होता.

दिलीपराव पाण्याची बाटली हातात धरून उभे राहिले. या दोघींपैकी एकीलाही काही माहीत नव्हतं आणि त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी बाटली स्टुलापाशी ठेवली आणि ते वर निघून आले.

शुक्रवारी तर तिनेच विषय काढला. कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "उद्या पिशवीत साडी घेऊ का हो? रुचिरची बायको बोलून गेली फोनवर. सत्कार आहे म्हणे माझा. तुम्हालाही माहीत असेलच."

"हो. म्हणजे, कानावर आलं."

"टीशर्टवर शाल बरी दिसेल का? राहू दे साडी, पुन्हा बदलायचं कुठे," ती आपल्याशीच म्हणाली आणि तिने साडी परत ठेवली. ती खुशीत आहे असं दिलीपरावांना वाटलं. खुशीत असलेल्या माणसाला असलं काही सांगायचं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढायचं. आणि नाही सांगितलं तर उद्या सगळ्यांसमोर अंगावर शाल पडताना तिला एकटीला कळेल. दोन्हींतलं वाईट कोणतं, ते काही त्यांना ठरवता येईना.

*

शनिवारी एमआरटीच्या ट्रेनमधून उतरून ते मैदानाकडे निघाले. संजीवनी सामानाची चाकांची बॅग ओढत होती. मैदानाचं जाळं लांबून दिसू लागलं तेव्हा दिलीपरावांच्या लक्षात आलं, की आता रस्ताच उरला नाही.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले.

"सांगा."

मग ऑडिटचा अहवाल वाचून दाखवावा तसं त्यांनी क्रमाने सांगितलं. संघाला असं वाटतं. गुडघ्यांचा त्रास सगळ्यांच्या लक्षात आलेला आहे. कॅचरच्या जागी आता दुसरं कुणी बसावं असं ठरतंय. रुचिरला तोंडावर बोलवेना. म्हणून सत्कार.

ती चालत होती तशीच चालत राहिली. "ते माहितीये मला."

"माहितीये?"

"अहो, शाल काय थंडी वाजते म्हणून देतात का? या उकाड्यात?" ती हसली. "आपल्यात शाल दिली की समजायचं, बाई, आता घरी बसा. गेल्या मॅचला दोनदा उठता आलं नाही मला. अंपायरने हात दिला. तुम्हीही बघितलंत. घरी मी विषय काढला नाही, तुम्ही जेवला नसता."

"मग तू मला का बोलली नाहीस काही?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. मिरच्या काय देताय, पाणी काय आणताय." ती पुन्हा हसली. "वाईट वाटलं, नाही कसं. बाथरूममध्ये नळ सोडून रडूनही घेतलं एकदा. पण कधीतरी उठायचंच होतं. आपल्या हाताखालची पोर बसतेय म्हटल्यावर उठायला काय हरकत आहे?"

दिलीपराव थांबले.

"क्षिप्राच बसणार ना?" तिने विचारलं.

"नाही. हौगांगची ग्रेस येतेय," ते म्हणाले. "आणि तिच्या बदल्यात क्षिप्रा तिकडे जातेय."

बॅगेची चाकं थांबली. "काय सांगू राहिले तुम्ही?"

मनाला फार लागलं की तिच्या तोंडी जळगाव येई. आठवडाभर ज्या गोष्टीला ते घाबरले ती तिने केव्हाच गिळून टाकली होती. आणि जी त्यांनी अहवालाच्या शेवटी टीप म्हणून ठेवली होती, तीच तिला लागली. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला हिच्या मनाचा एवढाही अंदाज नसावा, याची त्यांना शरम वाटली.

"वर्षभर घासली हो मी तिला," ती म्हणाली. "आता कुठे डोळे उघडे ठेवायला लागलीय. तुम्ही काय म्हणालात रुचिरला?"

"मी म्हणालो, बघतो."

"बघतो," ती म्हणाली आणि बॅग ओढत पुढे चालू लागली. या खेपेला चाकांचा आवाज मोठा येत होता.

*

रुचिर बाकापाशी बॅटी मांडत होता. बाकाखाली पिशवी होती, तिच्यातून नारळाची शेंडी बाहेर आली होती. संजीवनीला बघून तो सरळ उभा राहिला.

"काकू, काकांनी..."

"सांगितलं. आत्ता, जाळं दिसल्यावर." ती बाकावर बसली. "हे बघ रुचिर, मला उठवतोयस त्याचं काही नाही. मीही उठवलंच असतं. पण तयार झालेली पोर देऊन टाकायची, हे काय?"

"तयार कुठे आहे काकू? पुढच्या वर्षी होईल. ग्रेस आजच तयार आहे. या सीझनला..."

"या सीझनला, या सीझनला. पुढचा सीझन येतच नाही का?"

"माझ्यासाठी नाही येत," रुचिर म्हणाला.

मग त्याने तिलाही पुण्याचं सांगितलं. इतका वेळ दिलीपराव पेन उघडत होते, मिटत होते. संजीवनीचा चेहरा बदलला. तिने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

"कधी निघायचंय?"

"नोव्हेंबर."

"घर बघितलंस का तिकडे? मुलीची शाळा?"

"अजून काहीच नाही. बायको रोज विचारते, मी विषय टाळतो. कप मिळाला असता तर निदान एक काहीतरी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"मिळावा रे. मलाही वाटतं तुला मिळावा," संजीवनी म्हणाली. थोडा वेळ ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. "एक कर. आज क्षिप्राला बसव माझ्या जागी. एक मॅच बघ. मग तुला वाटेल ते कळव हौगांगला. मी शब्द काढणार नाही आणि शालही घेईन मुकाट्याने."

रुचिरने मान डोलावली.

क्षिप्राला अदलाबदलीचं काहीच माहीत नव्हतं. संजीवनीने स्वतःचा मास्क तिच्या डोक्यावर चढवला आणि मागचा पट्टा आवळला, तेव्हा ती म्हणाली, "टुडे? काकू, सीरियसली?"

"हो. आणि माझ्याकडे बघायचं नाही. चेंडूकडे."

मग संजीवनी येऊन दिलीपरावांच्या शेजारी बसली. सामना चालू असताना ती बाकावर बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिला बसवत नव्हतं. पहिल्याच डावात क्षिप्राच्या पायांमधून चेंडू मागे गेला आणि समोरच्यांना फुकटची धाव मिळाली. संजीवनीने दिलीपरावांचा दंड असा धरला की त्यांचं पेन कागदावरून घसरलं.

"माझंही असंच व्हायचं सुरुवातीला," ती पुटपुटली. खरं तर ते गेल्या मॅचलाही झालं होतं, पण दिलीपरावांनी तसं म्हटलं नाही.

पुढे क्षिप्रा सावरली. दोन चेंडू तिने अंगावर घेऊन अडवले. एकदा तर ती मास्क फेकून पळत गेली आणि आकाशात उडालेला चेंडू तिने जाळ्याला धडकत झेलला. संजीवनी उभी राहिली, गुडघ्यामुळे कळवळली, पुन्हा बसली. "इथून फार लांब दिसतं हो सगळं," ती म्हणाली. "तुम्हाला एवढी वर्षं करमलं कसं?"

"मी तुझ्याकडे बघायचो," दिलीपराव म्हणाले. मग त्यांनी घाईघाईने स्कोअर लिहायला मान खाली घातली. तिने त्यांच्या दंडावरचा हात काढला नाही.

शेवटच्या डावात बरोबरी होती. समोरच्यांचा एक गडी धाव पुरी करायला होमकडे, म्हणजे क्षिप्रा बसली होती तिकडे, धावत सुटला आणि मागून रुचिरने चेंडू फेकला. चेंडू अगदी वेळेत आला. क्षिप्राने तो घेतला, गडी येऊन तिच्यावर आदळला आणि चेंडू तिच्या हातातून सुटला. सामना तिथेच गेला. पण क्षिप्रा थांबली नव्हती. ती रांगत चेंडूपाशी पोचली आणि तिने तो तिसऱ्या बेसकडे फेकला, जणू अजून काहीतरी वाचवायचं आहे. तिसऱ्या बेसवरची माणसं तेव्हा घरी जायला वळलीसुद्धा होती.

"बघितलंत?" संजीवनी हळूच म्हणाली. "हातातून सुटल्यावर खाली नाही बघत बसली. तिच्या वयात मी बघायचे."

क्षिप्रा मास्क काढून आली. डोळे भरले होते. "सॉरी काकू. आय हॅड इट."

"होता ना हातात? मग झालं. पाणी पी. कोपर धुऊन ये आधी."

ती नळाकडे गेली. रुचिर धुळीने माखलेला, हातात फोन घेऊन बाकापाशी आला. हौगांगवाले विचारत होते, कळवता का म्हणून.

"एका धावेने गेलो," तो म्हणाला. "ग्रेस असती तर..."

"ग्रेस असती तर जिंकलो असतो," संजीवनी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मी शब्द दिलाय, मी आता काही बोलत नाही."

रुचिर फोनकडे बघत राहिला. मग त्याची नजर दिलीपरावांकडे गेली. बहुधा नुसतं विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

बघतो, हा शब्द दिलीपरावांच्या ओठांवर आला. शेजारी संजीवनी गुडघा चोळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मला खेळातलं फार कळत नाही," ते म्हणाले. "माझं चुकतही असेल. तू ते मनावर घेऊ नकोस. म्हणजे, घे, पण..." त्यांनी पेन मिटलं. "तू कप नेलास तर मला आनंदच होईल रुचिर. पण तू जाशील, ग्रेसही दोन वर्षांनी थकेल. आणि शनिवारी आम्ही इथे येणारच. आम्हाला दुसरीकडे कुठे जायचंय? तेव्हा समोर कुणीतरी असायला हवं, जिला हिने शिकवलंय. मग हिला घरी बसल्यासारखं वाटणार नाही. मला वाटतं, क्षिप्राला देऊ नकोस."

एवढं सलग ते बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की फारच झालं. आपण स्वतःच्या बायकोसाठी संघाचं नुकसान मागितलं, असंच आता पोरगा समजणार. त्यांनी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण रुचिर एक पाऊल बाजूला गेला होता आणि अंगठ्याने काहीतरी लिहीत होता. मग त्याने फोन खिशात टाकला.

"नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "जाऊ दे. कप काय, सामानात बसलाही नसता."

संजीवनीने डोळे पुसले की घाम, ते कळलं नाही.

"काकू, सत्काराचं मग राहू दे आज," रुचिर म्हणाला. "पुढे बघू केव्हातरी."

"का म्हणून? आजच कर. आता चालेल मला."

सगळे घामेजलेले, हरलेले लोक बाकापाशी गोळा झाले. शाल कोणी घालायची असा प्रश्न आला, तर संजीवनी म्हणाली, क्षिप्रा घालेल. क्षिप्राला त्या शालीची सुलट बाजू सापडेना. "काकू, विच वे?" ती विचारत होती आणि रुचिर तिला पुणेरी पद्धत समजावत होता. शेवटी धुळीने भरलेल्या टीशर्टवर शाल कशीबशी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुचिरने नारळ पुढे केला, तशी संजीवनी म्हणाली, "थांब जरा. अहो, या इकडे."

"मी कशाला?" दिलीपराव बाकावरूनच म्हणाले.

"तुमच्या बँकेतल्या निरोपाच्या वेळी मला नव्हतं का बोलावलं स्टेजवर? तास-दीड तास गुच्छ धरून उभी होते. या मुकाट्याने."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. दिलीपराव उठले, चष्मा नीट केला आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हातांचं काय करावं ते नेहमीसारखंच कळेना. तिने नारळ घेतला आणि त्यांच्या हातात दिला. मग त्यांच्या दुसऱ्या हाताला कोपरापाशी धरून तिने दुखऱ्या पायावरचा भार त्यांच्यावर टाकला.

"नीट उभे राहा हं," ती हळूच म्हणाली. "मी टेकलेय."

दिलीपराव नीट उभे राहिले.